ओळखीतली घरघंटी

शरच्चंद्र गायधनी यांना दुकानातून आणलेली वस्तू घरात चालत नसे; वस्तू ओळखीतून यावी लागे. चष्मा ओळखीतून, गादी ओळखीतून, दाढेवर बसवलेली टोपीसुद्धा ओळखीतून. बायकोही ओळखीतूनच मिळाली असं ते चारचौघांत सांगत, आणि तेवढा एक माल तरी चोख निघाला यावर अख्ख्या कॉलनीचं एकमत होतं. उभा जन्म पाटबंधारे खात्यात गेलेला. तिथेच कागदाचा वीट आला असेल बिचाऱ्यांना. 'बिल', 'पावती' असले शब्द कानावर पडले की त्यांच्या कपाळाला आठी पडे. "माणूस ओळखीचा असला की कागद लागत नाही. कागद परक्यांसाठी!" हे ते अशा थाटात म्हणत की ऐकणाऱ्याला खिशातली पावती चोरून दडवावीशी वाटे.

तर कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या बायकोची, सुधाताईंची घरघंटी बंद पडली. आधी तिने 'घुंऽऽ' केलं, मग जळकट वास सोडला, आणि मग एखाद्या मानी बाईसारखी जी गप्प बसली ती बसलीच.

आता यात एवढं काय, असं तुम्ही म्हणाल. कोपऱ्यावर गिरणी आहे, द्यावा डबा पाठवून. पण सुधाताईंसमोर हे बोलू नका. बालवाडीतली नोकरी संपल्यावर त्यांनी यंदा पहिल्यांदाच स्वतःचं असं काही मांडलं होतं : दिवाळीसाठी चकलीची भाजणी. 'घरच्या घंटीवर दळलेली, भेसळीचा कणही नाही' असं त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून कॉलनीच्या फलकावर लावलं होतं. अर्ध्या कॉलनीने मागणी नोंदवलेली. तांदूळ, डाळी, धणे, सगळं धुऊन, वाळवून, खमंग भाजून डब्यांत भरून ठेवलेलं. कोपऱ्यावरच्या गिरणीत भाजणीच्या आधी कुणाची तरी ज्वारी जाते, कुणाचं मिरचीचं पोतं शेजारीच शिंकत बसलेलं असतं. तिथे ही भाजणी नेणं म्हणजे लोकांना दिलेला शब्द मोडणं. आणि भाजलेलं धान्य काही दिवाळीपर्यंत वाट बघत नाही, ते सादळतं.

"अगं, रडतेस काय?" शरच्चंद्रराव म्हणाले. "शेखरची घंटी आहे ती. आपला शेखर! एक फोन टाकला की पळत येईल."

शेखर बोरस्ते म्हणजे कॉलनीच्या तोंडाशी 'सुखसाधन भांडार' चालवणारा तरुण. त्याची आई सरुबाई कॉलनीच्याच शेवटच्या घरात राहते. शरच्चंद्ररावांनी फोन टाकला. पलीकडे गणपतीची आरती लागली, कडवंभर वाजली आणि थांबली. पुन्हा लावला, पुन्हा आरती. जेवणाच्या वेळेपर्यंत 'सुखकर्ता' तोंडपाठ असलेल्या गृहस्थाला त्याचा कंटाळा आला, आणि ते उठून दुकानाकडे निघाले.

सिंहस्थाच्या कामांसाठी दुकानापुढचा रस्ता खोदून ठेवल्यापासून शरच्चंद्रराव मागच्या गल्लीने जा-ये करत होते. त्यामुळे 'सुखसाधन'च्या जागी गुलाबी दिव्यांचं सलून बघून ते खड्ड्यात पडता पडता वाचले. आत जाऊन त्यांनी विचारलं, "इथलं दुकान कुठं गेलं?" कारागिराच्या कानात गाणी होती. त्याने मान डोलावली, त्यांना खुर्चीत बसवलं आणि गळ्याभोवती कापड आवळलं. शरच्चंद्रराव 'अहो, घरघंटी...' म्हणेपर्यंत कानावरून यंत्र फिरलं होतं. एक बाजू गेल्यावर दुसरी तशीच ठेवून उठण्याइतका बाणेदारपणा त्यांच्यात नव्हता. तुमच्यात तरी असता का?

फाटकाशी भिकन आहिरे उभे होते. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, सटाण्याकडचे. सगळ्या जगाला अजूनही 'आत सरका' म्हणणारे.

"भाऊ, हाई काय व्हयनं डोकाले?"

"डोक्याचं सोडा. शेखरचं दुकान गेलं, भिकनभाऊ!"

"ते तर कवाच गेलं. तुम्हाले माहीत नाही?" भिकनभाऊंनी आवाज खाली आणला. "कोणी म्हणे इंदूरला पळाला, कोणी म्हणे दुबईला. माझा फ्रीजपण त्याच्याकडचाच शे. आता वॉरंटी गेली पाण्यात. तुम्ही असं करा, कलेक्टरला निवेदन द्या."

भिकनभाऊंच्या मते जगातल्या प्रत्येक दुखण्यावर कलेक्टरला निवेदन हा उतारा होता. मागे मांजर हरवलं तेव्हाही त्यांनी हेच सुचवलं होतं.

घरी सुधाताईंनी दार उघडलं आणि नवऱ्याच्या डोक्याकडे बघून त्या क्षणभर सगळं विसरल्या. "अहो, घंटीचं विचारायला गेला होतात ना?"

नेमकं त्या वेळी जिन्यावरून तेजल खाली येत होती. ती वरच्या मजल्यावरची, कायद्याच्या शेवटच्या वर्षाला. तिने आधी पाठ फिरवून हसून घेतलं, मग शरच्चंद्ररावांची हकिगत ऐकून घेतली आणि गंभीर चेहरा करून म्हणाली, "काका, दुकान बंद पडलं म्हणून वॉरंटी मरत नाही. ती कंपनीने दिलेली असते, दुकानदार फक्त मधला. कंपनी चालू आहे ना? मग तिला धरा. नाही म्हणाली तर ग्राहक हेल्पलाइन आहे, ग्राहक आयोग आहे. घाबरायचं कशाला?"

"आणि शेखर म्हणाला होता, पुढची पाच वर्षं मी बघेन, ते?"

"ते लिहून घेतलंत?"

"लिहून? अगं, ओळखीतला मुलगा तो!"

"मग ते दुकानाबरोबर गेलं, काका," तेजल म्हणाली आणि कॉलेजला पळाली.

कंपनीच्या फोनवर हिंदी बोलणारी एक मुलगी होती. तिचं बोलणं इतकं गोड की शरच्चंद्ररावांना उगाचच आपलं काम झाल्यासारखं वाटलं. ती म्हणाली, मशीनच्या मागे नंबरचं स्टिकर असतं, त्याचा फोटो पाठवा. त्यांनी पाठवला. मग पलीकडून आवाज आला तो दचकलेला.

"सर, मशीन पे ये लाल-लाल क्या है? किसी को चोट लगी है क्या?"

आता तिला काय सांगणार! दसऱ्याला घरातल्या यंत्रांची पूजा होते. सुधाताईंनी हळद, तेल आणि कुंकू कालवून घंटीवर स्वस्तिक काढलं होतं. समोरचा भाग पिठाचा, तिथे कुंकू नको, म्हणून मागे जी पांढरी, गुळगुळीत, चौकोनी जागा देवानेच सोडून ठेवल्यासारखी दिसली, तिथे. गेल्या दसऱ्यालाही तिथेच, यंदाही तिथेच. कंपनीचा नंबर दोन वर्षांच्या भक्तीखाली गाडला गेला होता.

"वो हमारा दसरा रहता है ना," शरच्चंद्रराव समजावू लागले, "उसमें हम मशीन को पूजते. वो खून नहीं, कुंकू है. शुभ रहता."

"जी सर. लेकिन शुभ के नीचे नंबर है।"

स्वस्तिक पुसायला सुधाताई आधी तयार होईनात. दिवाळी तोंडावर आणि लक्ष्मीवरचं कुंकू पुसायचं? शेवटी त्यांनी घंटीला हात जोडले, "रागावू नकोस गं बाई, तुझ्याच औषधासाठी आहे" म्हणाल्या, आणि खोबरेल तेलाचा बोळा फिरवला. नंबर उमटला, पण शेवटचा आकडा तीन की आठ, ते ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. आठ सांगितला तर ती मशीन कानपूरच्या कुणा मिश्राजींची निघाली, आणि मुलगी शरच्चंद्ररावांनाच मिश्राजी म्हणू लागली. तीन सांगितल्यावर एकदाची घंटी नाशकात परत आली.

"बहुत अच्छा सर. अब बिल भेजिए. बिल नहीं है तो डीलर के स्टैम्प और तारीख वाला वॉरंटी कार्ड."

कार्ड होतं. सुधाताईंच्या कपाटात, पैठणीच्या घडीत, प्लास्टिकच्या पिशवीत. त्याच्यावर एक शाईचा ठिपका नव्हता. कारण खरेदीच्या दिवशी शेखर बिल करायला बसला तेव्हा शरच्चंद्ररावांनीच त्याचा हात धरला होता. "अरे, आपल्यात बिल कसलं? शिक्का कशाला? मी काय परका आहे?" शेखरने दोनदा म्हटलं होतं, 'काका, असू द्या.' पण गुढीपाडव्याचा मुहूर्त टळत होता आणि रिक्षावाला कटकट करत होता. सुधाताईंना हे सगळं लख्ख आठवत होतं. त्यांनी ते कोरं कार्ड नवऱ्याच्या हातात ठेवलं. संसारात असा कोरा कागद फार मोठ्याने ऐकू येतो.

इथे शरच्चंद्ररावांचा तोल गेला. चूक आपली आहे हे कळलं की माणसाला दुसऱ्याचा राग येतो, हा जुनाच रोग. ते फोन घेऊन बाल्कनीत गेले, कॉलनीचा ग्रुप उघडला आणि एका बोटाने टाईप केलं : 'सुखसाधनवाल्या शेखरने आम्हांस फसविले आहे. घरघंटी देऊन पळून गेला आहे. सर्वांनी सावध राहावे. विश्वासाचे दिवस राहिले नाहीत.' वर हात जोडल्याचं चित्रही टाकलं.

ग्रुपवर आग लागली. कुणाचा मिक्सर, कुणाचा गीझर, कुणाची वॉशिंग मशीन. प्रत्येकाच्या घरात शेखरकडची एक तरी वस्तू निघाली आणि कुणाच्याच कार्डावर शिक्का नव्हता. सगळी कॉलनीच ओळखीतून खरेदी करणारी! 'चोर', 'भामटा' असले शब्द पडू लागले. कुणी तरी पोलिसांचं नाव काढलं. भिकनभाऊंनी निवेदनाचा मसुदाच टाकला. शरच्चंद्ररावांच्या संदेशाखाली अंगठ्यांची रांग लागली आणि त्यांना जरा बरं वाटलं. खोटं कशाला बोला, चांगलंच बरं वाटलं.

ते बरं वाटणं दुसऱ्या दिवशी सकाळी उतरलं. सरुबाई दारात उभ्या होत्या. त्या आत आल्या नाहीत.

"सुधाताई, माझी भाजणी करू नका यंदा," त्या म्हणाल्या. "चकल्या मी शेखरसाठीच करते. तो येत नाय म्हणाला दिवाळीला. म्हणला, आई, कॉलनीत तोंड कसं दाखवू?"

सुधाताईंनी त्यांचा हात धरला. सरुबाईंनी तो हळूच सोडवून घेतला आणि शरच्चंद्ररावांकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं.

"माझा पोरगा वाईट नाय हो," एवढंच म्हणून त्या गेल्या.

दार लागल्यावर सुधाताई म्हणाल्या, "घंटी राहू द्या. आलेल्या मागण्या मी परत करीन, लोकांची माफी मागीन. पण त्या माउलीचा मुलगा दिवाळीला घरी यायला हवा. तुम्ही घालवलात, तुम्ही आणा."

"अगं, पण तो आहे कुठे ते तरी..."

"ते मला माहीत नाही, आणि सरुबाईंना विचारायला तोंड राहिलेलं नाही. तुमच्या एवढ्या ओळखी आहेत ना?"

शेखर ना इंदूरला होता ना दुबईला. तो लासलगावला होता, त्याच्या चिमाजीमामांच्या कांद्याच्या आडतीवर. भिकनभाऊंच्या साडूने त्याला बाजार समितीत स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. भिकनभाऊ म्हणाले, "मीपण येतो. एसटीत माझी ओळख शे."

ती ओळख कशी कामाला आली ते सांगायलाच हवं. नव्या कंडक्टरने भिकनभाऊंना ओळखलं नाही. भिकनभाऊंनी त्याला तिकिटं टोचायचा पंच कसा धरावा ते शिकवलं, उतारूंना आत सरकवलं, आणि शरच्चंद्ररावांना चाकावरच्या सीटवर 'मानाची जागा' म्हणून बसवलं. लासलगाव येईपर्यंत शरच्चंद्ररावांच्या मणक्यांची एकमेकांशी चांगली ओळख झाली होती.

बाजार समितीच्या आवारात उन्हाळ कांद्याच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगा लागल्या होत्या. लिलाव पुकारणारा एका ट्रॉलीवरून दुसऱ्या ट्रॉलीवर सरकत होता आणि त्याच्यामागे व्यापाऱ्यांचा घोळका. भिकनभाऊंनी बजावलं, "भाऊ, इथे हात वर करू नका. बोट हाललं तरी बोली धरतात. ट्रॉली गळ्यात पडंल!"

असं काही होत नसतं. तिथे परवानेवाल्या व्यापाऱ्याशिवाय कुणाला विचारत नाहीत. पण शरच्चंद्ररावांना काय ठाऊक? त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले. कांद्याच्या वासाने डोळ्यांतून धारा लागल्या, पुसायची सोय नाही. नाकावर माशी बसली, ती तिला हवं तेवढं बसली. अशात पलीकडच्या ट्रॉलीशी शेखर दिसला. दाढी वाढलेली, डोक्याला रुमाल, खिशात पेन.

"शेखर!"

शेखरने वळून पाहिलं आणि तो ट्रॉलीच्या आड झाला. शरच्चंद्रराव मागोमाग. तो दुसऱ्या ट्रॉलीमागे, हे दुसऱ्या ट्रॉलीमागे. हात पाठीशी, डोळ्यांतून घळाघळा पाणी, दोन्ही कानांवर डोकं तासलेलं. एक शेतकरी दुसऱ्याला म्हणाला, "कोण रं हा? पोलिसाच्या हातनं सुटलेला दिसतोय."

"नाय रं, लय दुःखात हाय म्हातारा. बघ की कसा रडतोय."

हे 'रडतोय' शेखरच्या कानावर गेलं असावं. तो थांबला. समोर आला. "काका, काय झालं? काकू बऱ्या आहेत ना?"

शरच्चंद्ररावांनी वाटेत एक भाषण जुळवलं होतं. त्यात विश्वास होता, संस्कार होते, शेवटी थोडी क्षमाही होती. पण ज्याला आपण चोर म्हटलं तो आधी आपल्या बायकोची चौकशी करतो म्हटल्यावर ते भाषण करायचं कसं? "बरी आहे," ते म्हणाले. "तुझ्याकडेच आलो."

शेखरने त्यांना आडतीच्या गाळ्यात नेलं, पाटीभर कांदा सरकवून खुर्ची दिली, डोळे धुवायला पाणी दिलं. चिमाजीमामा कोपऱ्यात फोनवर भाव सांगत होते. भिकनभाऊ बाहेरच थांबले. ग्रुपवर 'भामटा' कुणी लिहिलं होतं ते आता तुमच्या लक्षात आलंच असेल.

"काका, ग्रुपवर मीपण आहे," शेखर म्हणाला. "वाचलं मी ते."

शरच्चंद्रराव पाण्याच्या पेल्यात बघत राहिले.

"पळालो नाही मी. शेवटचं शटर ओढलं ना, तेव्हा तुम्हीच समोरून चालला होतात. म्हणालात, काय रे, आज लवकर? मी म्हणालो, हो काका. काय सांगणार रस्त्यात? मग कुणाचा फोन उचलायचाही धीर झाला नाही. लोक यायचे, वस्तू हात लावून बघायचे, सगळं समजून घ्यायचे, चहा प्यायचे, आणि घरी जाऊन मोबाइलवरून मागवायचे. वाईट कुणीच नव्हतं, काका. सगळे ओळखीचेच होते."

शरच्चंद्ररावांना आपला टीव्ही आठवला. शेखरने तो तासभर समजावून सांगितला होता, आणि मग त्यांनी तो पुण्यात राहणाऱ्या आपल्या मुलाकडून मोबाइलवरून मागवला होता. भिंतीवर लावून द्यायला मात्र शेखरलाच बोलावलं होतं. शेखर आला होता, खिळे घेऊन.

"चुकलं माझं," ते म्हणाले. हे दोन शब्द त्यांच्या तोंडून बाहेर पडले तेव्हा सर्वांत जास्त आश्चर्य त्यांनाच वाटलं. "साफ चुकलं, शेखर. शिक्का मीच नको म्हणालो आणि तुला चोर ठरवलं. तुझी आई दारात आली तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं."

आईचं नाव निघाल्यावर शेखरने तोंड फिरवलं. रुमालाने डोळे पुसले. कांदा होताच आजूबाजूला, त्यामुळे कुणी काही विचारायचा प्रश्न नव्हता.

मग तो म्हणाला, "घंटीला काय झालं?"

"घुं केलं आणि बसली."

"जळका वास?"

"हो."

"मोटर गेली. ती वॉरंटीत बसते, काका. कंपनीला द्यावीच लागेल. कार्ड आणलंय?"

कार्ड होतं. शरच्चंद्ररावांनी ते खिशातून काढलं. शेखर उठला, आतल्या पत्र्याच्या कपाटातून एक पिशवी घेऊन आला. पिशवीत 'सुखसाधन भांडार'चा रबरी शिक्का. दुकानातलं फर्निचर विकलं, पंखे विकले, पाटी भंगारात घातली, पण हा शिक्का त्याच्याने टाकवला नव्हता.

"बंद दुकानाचा शिक्का चालेल का रे?"

"विकली तेव्हा दुकान उघडंच होतं की! तारीख खरी, विक्री खरी. मग शिक्का खोटा कसा?" शेखर म्हणाला. एवढ्या वेळात पहिल्यांदाच त्याचा आवाज दुकानदाराचा झाला होता.

शिक्क्याची शाई वाळली होती. मामांच्या हिशेबाच्या टेबलावरचं जांभळं पॅड घेतलं. शेखरने कार्ड नीट सरळ केलं, तारखेच्या जागी गेल्या वर्षीच्या गुढीपाडव्याची तारीख न विचारता लिहिली, शिक्का पॅडवर दाबला, एकदा रद्दी कागदावर उमटवून पाहिला आणि मग कार्डावर ठेवून तळहाताने जोर दिला. चिमाजीमामांनी फोन बाजूला धरला आणि ते भाच्याकडे बघत राहिले. शिक्का सुरेख उठला. शेखरने फुंकर मारून तो वाळवला आणि कार्ड दोन्ही हातांनी दिलं.

"दिवाळीला घरी ये," शरच्चंद्रराव म्हणाले.

"बघू, काका."

"बघू नाही. ये."

"ग्रुपवर सगळ्यांनी वाचलंय ते," शेखर हळूच म्हणाला. शरच्चंद्ररावांनी कार्ड जपून खिशात ठेवलं.

कंपनीने कार्डाचा फोटो बघून पुन्हा एकदा गोड आवाजात विचारलं, दुकान तर बंद आहे ना? तेजल शेजारीच बसली होती. तिने फोन घेतला आणि दुकान बंद असलं तरी विक्री झाली आहे, वॉरंटी तुमची आहे आणि तक्रार कुठे करायची ते आम्हाला ठाऊक आहे, हे एका दमात हिंदीत सुनावलं. दुसऱ्याच दिवशी कंपनीचा माणूस नवी मोटर घेऊन हजर झाला. घंटी सुरू झाली. सुधाताईंनी पहिली पायली टाकली, आणि धणे-जिऱ्याचा तो वास जिन्यावरून वरच्या मजल्यापर्यंत गेला.

पण शरच्चंद्ररावांना बाल्कनीत चैन पडेना. फोन हातात, ग्रुप उघडा. त्यांनी लिहिलं, 'काही गैरसमजामुळे...' आणि खोडलं. 'तांत्रिक कारणांमुळे...' लिहिलं आणि खोडलं. पाटबंधारे खात्यात चूक कबूल करायची भाषाच नसते. 'सदर बाब नजरेतून सुटली' याच्या पलीकडे ते कधी गेले नव्हते. आतून सुधाताई म्हणाल्या, "लासलगावला जे बोललात तेच लिहा की."

मग त्यांनी लिहिलं : 'शेखर बोरस्ते याने मला फसवलेलं नाही. बिल आणि शिक्का मीच नको म्हणालो होतो. तो पळून गेला नाही, त्याचं दुकान बंद पडलं, आणि त्यात माझ्यासारख्या ओळखीच्या लोकांचाही हात आहे. त्याला चोर म्हणालो ही माझी चूक. मी त्याची आणि सरुबाईंची सर्वांसमोर माफी मागतो. शरच्चंद्र गायधनी.'

पाठवलं. आणि ग्रुप गप्प झाला. इतका गप्प की शरच्चंद्ररावांनी फोनचं नेट चालू आहे की नाही ते तपासलं. एक अंगठा नाही. एक हात जोडलेलं चित्र नाही. सगळ्या कॉलनीने वाचल्याच्या खुणा मात्र दिसत होत्या. त्यांना वाटलं, आता फाटकातून जाताना खाली बघून जावं लागणार. जावं लागलं तर जाऊ.

मग भिकनभाऊंनी लिहिलं, 'मीपण चुकलो. भामटा शब्द मागे.' मग कुणी गीझरवाले, कुणी मिक्सरवाले. एकेक जण येऊन घुटमळत दोन शब्द टाकून जाऊ लागला. आणि मग खाली 'शेखर बोरस्ते टाईप करत आहे' असं उमटलं, आणि बराच वेळ उमटतच राहिलं. शरच्चंद्ररावांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

संदेश आला तो असा : 'काका, नवी मोटर बसली का? जाळी महिन्यातून एकदा काढून ब्रशने साफ करायची. काकूंना सांगा, भाजणी पूर्ण गार झाल्याशिवाय घंटीत टाकायची नाही, नाहीतर मोटरवर ताण येतो. पाडव्याला आईकडे येतोय. ज्यांच्या कार्डांवर शिक्का राहिलाय त्यांनी घेऊन या.'

शरच्चंद्ररावांनी ते मोठ्याने वाचायला सुरुवात केली, पण पाडव्याच्या वाक्याशी थांबून फोनच सुधाताईंच्या हातात दिला. त्यांनी वाचलं, पुन्हा एकदा वाचलं. मग घंटी बंद केली, पदर खोचला आणि म्हणाल्या, "सरुबाईंची भाजणी आधी काढते. त्याआधी जाळी बघू द्या."

त्यांनी जाळी काढून उजेडाकडे धरली. ती खरंच तुंबली होती.